नेटवर्क ड्रायव्हरमध्ये चिपची पत्तामर्यादा कशी सांभाळावी

ब्रॉडकॉमची बीसीएम ४४०१ ही १०० मेगाबिटची जुनी ईथरनेट चिप मेमरीच्या पत्त्याचे फक्त ३० बिट हाताळू शकते; म्हणजे पहिल्या १ गिगाबाइटपलीकडची रॅम तिच्या आवाक्याबाहेर असते. यंत्रात ५१२ मेगाबाइट रॅम असेपर्यंत ड्रायव्हरमधली (चिप चालवणाऱ्या प्रोग्राममधली) ही मर्यादा न पाळण्याची चूक लपून राहते.

लिनक्समध्ये अशा चिपची मर्यादा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आपणच सांगावी लागते, नाहीतर कर्नल ३२ बिट गृहीत धरते. त्यासाठी प्रोब फंक्शनमध्ये (चिप सापडल्यावर कर्नल बोलावते ते), डिस्क्रिप्टर रिंगसाठी (चिपसाठीच्या बफरांच्या पत्त्यांची यादी) मेमरी मागण्याआधीच, 'डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट' हे फंक्शन ३० बिटांचा मास्क, म्हणजे चिपला पेलणाऱ्या पत्त्याची मर्यादा, देऊन बोलवावे (डीएमए म्हणजे चिपने प्रोसेसरशिवाय थेट मेमरी वाचणे-लिहिणे) आणि ते अयशस्वी झाल्यास तिथेच थांबावे. चिप ६४ बिटांची असेल, तर '६४ जमले नाही म्हणून ३२' ही जुन्या ड्रायव्हरांतली शिडी नव्या कोडमध्ये उतरवू नये, कारण आजचे कर्नल ६४ बिटांना नकार देत नाही.

मास्कने सगळेच दोष सांगता येत नाहीत. ब्रॉडकॉमच्याच टायगॉन ३ मालिकेतल्या काही चिपना ४ गिगाबाइटची सीमा ओलांडणारा बफर चालत नाही. तिथे प्रत्येक बफरची सुरुवात आणि लांबी ड्रायव्हरने स्वतः तपासून, गरज पडल्यास पॅकेटची नवी प्रत करावी लागते. म्हणून डेटाशीटइतकेच चिपच्या दोषांचे पत्रकही वाचावे.

चिपला द्यायचा पत्ता भौतिक पत्त्यावरून हाताने कधीही काढू नये. तो 'डीएमए_मॅप_सिंगल'कडूनच घ्यावा; बफर असा चिपसाठी खुला करणे म्हणजे मॅपिंग. आयओएमएमयू (चिपने वापरलेले पत्ते बदलून देणारे हार्डवेअर) असल्यास मेमरीच्या वरच्या पानालाही चिपला पेलेल असा खालचा पत्ता मिळतो. ते नसेल, तर एसडब्ल्यूआयओटीएलबी ही कर्नलमधली सोय मजकूर खालच्या पत्त्यांवरच्या बफरमध्ये नकलून ठेवते. पण तिचा साठा सहसा ६४ मेगाबाइटचाच असतो आणि जोराच्या रहदारीत तो संपतो. त्यामुळे प्रत्येक मॅपिंगनंतर 'डीएमए_मॅपिंग_एरर' तपासावे, पत्ता शून्याशी ताडून पाहू नये.

खरी कसोटी पॅकेट पाठवताना लागते. पॅकेटचे तीन तुकडे असून तिसऱ्याचे मॅपिंग फसले, तर आधीच्या दोन तुकड्यांचे मॅपिंग सोडवावे, पॅकेट मोकळे करावे, ते गळालेल्या पॅकेटांत मोजावे आणि 'ओके' परत करावे. पॅकेट मोकळे करून वर 'बिझी' कळवले, तर कर्नल तेच मेलेले पॅकेट पुन्हा पाठवायला आणते, आणि त्या गोंधळाचे मूळ शोधण्यात दिवस जातात.

आलेले पॅकेट वाचण्यापूर्वी 'डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू' बोलवायला विसरू नये, कारण नकललेल्या बफरमधला ताजा मजकूर त्यानंतरच मूळ जागी येतो. एरवी जुनेच बाइट हाती लागतात. ही चूक घरच्या यंत्रावर पकडायची असेल, तर बूट करताना 'एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स' द्यावे आणि कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबगचा पर्याय चालू ठेवावा; विसरलेली अनमॅपिंगे आणि न तपासलेले मॅपिंग तो कर्नलच्या लॉगमध्ये दाखवतो.