शनिवारी मुलींना रोबोट शिकवायला जायचंय, त्याआधी हे आवरून घ्या

मंडळी, शनिवार फायनल झालाय. आठवी-नववीच्या चोवीस मुली, आपण पाच जण आणि काळ्या पट्टीवरून आपोआप चालणाऱ्या बारा छोट्या रोबोट-गाड्या. यावेळी निम्मे लोक नवीन आहेत म्हणून लिहून काढतेय, आधी दोनदा तोंडघशी पडून शिकलेलं आहे हे सगळं, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण वाचा.

सगळ्यात आधी गटांचं. दोघींत एक गाडी, तिसरी नको म्हणजे नकोच. तिघी असल्या की एक जोडते, एक बघते आणि एक वही घेऊन नोंदी करत बसते आणि त्या नोंदीवालीचा दिवसभरात पेचकसला हातही लागत नाही. मुलगे-मुली एकत्र बसवायचा प्रयोग पहिल्या वर्षी करून झालाय, दहा मिनिटांत गाडी मुलग्यांच्या हातात आणि मुली चार्टपेपरला स्केचपेननं बॉर्डर मारतायत! सर कौतुकानं म्हणाले, मुलींचं अक्षर छान आहे ना. तर यावेळी फक्त मुली. आणि आपल्यासाठी पण नियम, "दे, मी करते" हे वाक्य बंद, हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मला स्वतःला हे सगळ्यात अवघड जातं.

सामान शुक्रवारी संध्याकाळी मोजायचं, शनिवारी सकाळी गाडीत बसल्यावर नाही. प्रत्येक किटमध्ये अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड), दोन पिवळ्या गिअर मोटर, दोन आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर (पट्टी ओळखणारे), चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, पुढचं गोल चाक, जंपर वायर आणि प्रिंटरला असते ती चौकोनी तोंडाची केबल. केबल दोन-चार जास्तीच्या घ्या, हमखास एखादी दगा देते. आपले उनो स्वस्तातले आहेत, त्यावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप आहे, तिचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर नसेल तर पोर्टच दिसत नाही आणि शाळेत नेटच्या नावानं शंख, म्हणून ज्याचा-त्याचा लॅपटॉप घरीच एकदा बोर्ड लावून, प्रोग्रॅम टाकून बघा. "माझ्याकडे चालतं" असं तोंडी नको, एलईडी ब्लिंक करून त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाका.

बॅटरीचं नीट ऐका. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणायची नाही, मोटर सुरू झाल्या की ती इतका करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज बसतं, बोर्ड रिसेट होतो आणि गाडी उचकी लागल्यासारखी चालते, मग मुलींना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. १८६५० चे (चार्ज होणारे लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे ७.४ व्होल्ट, त्यातले दोनेक व्होल्ट तो मोटर ड्रायव्हरच खातो, उरलेले मोटरला पुरतात. सगळे सेल गुरुवारी रात्रीच चार्जिंगला लावा आणि बॅगेत सुटे टाकू नका, किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होतात, प्लास्टिकच्या डबीतच आणा.

ट्रॅक पांढऱ्या चार्टपेपरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा, वळणं मोठी ठेवा. आणि वर्गातल्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते आधी विचारून घ्या. गेल्या खेपेला पूर्वेच्या खिडकीखाली ट्रॅक टाकला होता, आठ वाजता मस्त चालणाऱ्या गाड्या साडेनऊला सरळ भिंतीवर, आम्ही कोड तपासतोय, वायर तपासतोय, शेवटी एका मुलीनं खिडकीला ओढणी बांधली आणि गाडी वळली! उन्हातही इन्फ्रारेड असतं, काळी पट्टी पण सेन्सरला पांढरी वाटायला लागते. म्हणजे जाड पडदे किंवा सतरंजी, आणि सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करणारा निळा स्क्रू फिरवायला बारीक पेचकस प्रत्येक गटाला स्वतंत्र.

एक चूक मात्र मुद्दाम तशीच राहू द्यायची. बऱ्याच गटांत एक मोटर उलटी लागेल, गाडी पुढे जायच्या ऐवजी जागेवर गरागरा फिरेल. सांगायचं नाही! दोन वायरींची अदलाबदल, एवढंच आहे, पण ते त्यांनाच सापडू द्या, पंधरा मिनिटं गेली तर जाऊ देत, शेवटचं भाषण कापू.

भाषणावरून आठवलं, कल्पना चावलाचं पोस्टर शाळेत ऑलरेडी आहे, आपण परत नेऊ नका. त्याऐवजी जवळच्या पॉलिटेक्निकमधली दुसऱ्या वर्षाची मुलगी येतेय, तिला सांगून ठेवलंय की गणितात किती मिळाले होते, एसटीला किती वेळ लागतो, वर्कशॉपमध्ये फाइलिंग करताना हाताला फोड आले का, हेच बोल.

बाकी, बाथरूमला पाणी आहे का हे हेडमॅडमना फोन करून विचारायचं, पॅडचं पाकीट आपल्या पिशवीत, सोल्डरिंगच्या टेबलापाशी वेण्या वर बांधायच्या आणि ओढणीला पिन, बर्नॉल, दोन लांब एक्सटेन्शन बोर्ड. शेवटची एसटी धरून मुलींना वेळेत सोडायचं, तिथे घासाघीस नाही.

साडेअकराला पालक येतील, बहुतेक आयाच. गाडी मुलीच दाखवतील, आपण फक्त पैशाचं बोलायचं, कारण प्रश्न तोच असतो. कागद मराठीत छापून न्या: ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसीतल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला की शिक्षण आणि परीक्षा फी माफ, पण हॉस्टेल-मेस त्यात नाही, हे लपवायचं नाही. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती डिप्लोमा आणि डिग्री दोन्हीला, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. लातूर, यवतमाळ, तासगावला मुलींचं सरकारी निवासी तंत्रनिकेतन आहे हेही लिहा, "मुलींचं" आणि "निवासी" ऐकलं की पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत, अनुभव आहे.

निघताना दोन किट शाळेतच ठेवायचे. पण कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार हे हेडमॅडमशी आत्ताच बोला, ती नववीच्या मॉनिटरकडे हवी. आधीच्या एका शाळेत दिलेलं किट वर्षभरानं बघितलं तर प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती, जपून ठेवलंय म्हणाले.