क्रेझी क्विल्टच्या जोडांवर भरतकाम कसं करावं

क्रेझी क्विल्ट म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांची गोधडी. १८८०च्या दशकात अमेरिकेत तिची लाट आली, तेव्हा रेशीम-मखमलीचे तुकडे साध्या कापडाच्या पायावर बसवून प्रत्येक जोड भरतकामाने झाकत. तुकडे कितीही वाकडे असोत, टाक्यांमधलं अंतर मात्र सारखं हवं. माझ्या मते या गोधडीची सगळी शोभा त्यावरच अवलंबून असते.

आधी क्रम ठरवा. जो आखूड जोड दुसऱ्या जोडाला जाऊन टेकतो, तो आधी भरा आणि लांब जोड नंतर, म्हणजे आखूड जोडाचं टोक त्याच्याखाली झाकलं जातं. दोरा हातभरच घ्या, जास्त लांब घेतला की पिळतो. नक्षीदार कापडावर बारीक टाके दिसतच नाहीत, तिथे जाड, उठून दिसणारा दोरा हवा.

आता पायाचा टाका. मला हेरिंगबोन, म्हणजे तिरक्या फुल्यांचा टाका, सर्वांत भरवशाचा वाटतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरवर कच्चा धावदोरा घाला. मखमलीवर खडूची रेघ टिकत नाही आणि पेनाचा डाग रेशमावरून निघेलच असं नाही; कच्चा दोरा नंतर अलगद उसवता येतो. डावीकडून सुरुवात करा. सुई खालच्या ओळीवर वर काढा, दोरा तिरका वरच्या ओळीवर न्या आणि सुईचं टोक डावीकडे ठेवून ३ मिलिमीटरचा टाका उचला. मग तिरकं खाली येऊन तसाच टाका घ्या. काम उजवीकडे सरकतं, सुईचं टोक मात्र दर वेळी डावीकडेच. दोरे आपोआप एकमेकांना छेदतात. सुई वरचं कापड आणि पायाचं कापड, दोन्हींतून जायला हवी.

संपूर्ण जोड भरून झाल्यावरच दुसऱ्या रंगाकडे वळा. प्रत्येक फुलीवर छोटा उभा टाका घ्या. मधल्या रिकाम्या जागेत लेझी डेझीची (सुट्या साखळी टाक्याची) पाकळी किंवा गाठीचा टाका छान दिसतो. गाठीसाठी दोरा डाव्या हाताने ताणून धरा, सुईभोवती दोनदा गुंडाळा आणि जिथून दोरा वर आला तिथून कापडाचे एक-दोन धागे सोडून सुई खाली घाला. त्याच छिद्रात घातली तर गाठ आरपार निघून जाते. सुई पूर्ण खाली जाईपर्यंत दोरा सैल सोडू नका.

वळणदार जोडावर फेदर स्टिच (पिसासारखा, दोन्ही बाजूंना आलटून-पालटून फुटणारा टाका) घ्या, तो वळणाबरोबर सहज वळतो. काजाचा टाकाही कामाचा आहे. त्याचे पाय, म्हणजे उभे दोरे, एक आखूड, एक लांब असे घेतले की झालर तयार होते.

गोधडी चौकोनांत करून ते नंतर जोडणार असाल, तर चौकोनाच्या कडेला शिलाईसाठी सोडलेल्या जागेत गाठी किंवा मणी नकोत, तिथे मशीनची सुई मोडते.

शेवटी कच्चा दोरा उसवा. जाड टॉवेलवर काम पालथं घालून हलकी इस्त्री फिरवा, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत. मखमल असेल तर इस्त्री टेकवू नका, नुसती वाफ द्या.