प्रॉक्सीमागच्या पानांच्या लिंक तुटतायत? अपाचेचं लिंक बदलणारं मॉड्यूल नीट कसं लावायचं

आत 8080 पोर्टवर एखादं जुनं जावा ॲप चालतंय, त्याला वाटतं आपण '/' वर बसलोय, आणि तुम्हाला ते अपाचे या वेब सर्व्हरमार्फत, म्हणजे त्याला मधला दुवा (प्रॉक्सी) करून, बाहेर '/ग्रंथालय/' खाली दाखवायचंय. प्रॉक्सीपास (आलेली विनंती आतल्या ॲपकडे पाठवणारी ओळ) लिहिलं, पहिलं पान उघडलं, वाटलं झालं काम. मग लक्षात येतं की चित्रं नाहीत, रंग नाहीत, 'पुढे' दाबलं की 404. कारण प्रॉक्सीपासरिव्हर्स फक्त हेडर दुरुस्त करतं, म्हणजे रिडायरेक्टचा लोकेशन वगैरे, पानाच्या आतल्या एचटीएमएलला ते हातही लावत नाही.

त्यासाठी मॉड-प्रॉक्सी-एचटीएमएल. निक क्यू यांनी लिहिलेलं, आधी वेगळं उतरवून घ्यावं लागायचं, 2012 ला आलेल्या अपाचे 2.4 पासून सोबतच येतं. (डायरेक्टिव्हची, म्हणजे कॉन्फिग फाइलीतल्या आज्ञांची, नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही फाइलीत रोमनमध्येच टाका.)

पण आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, ॲपलाच '/ग्रंथालय/' वर हलवता येतं का? टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) असेल तर कॉन्टेक्स्ट पाथ, म्हणजे ॲप ज्या पत्त्याखाली बसतं तो, बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. आत-बाहेर पाथ एकच असला की या मॉड्यूलची बहुतेक वेळा गरजच संपते. ॲप हलवता येतच नसेल, तर पुढे वाचा.

पायरी 1. प्रॉक्सी, प्रॉक्सी-एचटीटीपी, प्रॉक्सी-एचटीएमएल, एक्सएमएल2एन्क (अक्षरांचं एन्कोडिंग सांभाळणारं) आणि हेडर्स ही मॉड्यूलं चालू करा आणि '/ग्रंथालय/' च्या लोकेशन ब्लॉकमध्ये प्रॉक्सीएचटीएमएलएनेबल ऑन करा. सोबत येणारी प्रॉक्सी-एचटीएमएलची कॉन्फ फाइल लोड होतेय ना ते बघा, कारण कोणत्या टॅगच्या कोणत्या ॲट्रिब्यूटमध्ये लिंक असते ती यादी त्या फाइलीत असते, मॉड्यूलच्या पोटात नाही. फाइल नसेल तर एरर येत नाही, फक्त काहीच बदलत नाही, आणि माणूस दुपारभर नियम खरवडत बसतो. मी बसलोय.

पायरी 2. बॅकएंडकडून, म्हणजे आतल्या ॲपकडून, पान झिप होऊन आलं तर मॉड्यूलला ते वाचता येत नाही, म्हणून रिक्वेस्टहेडर अनसेट करून ॲक्सेप्ट-एन्कोडिंग ('झिप केलेलं चालेल' असं सांगणारा हेडर) काढून टाका. बाहेर जाताना मॉड-डिफ्लेट (पान झिप करणारं मॉड्यूल) लावा, म्हणजे वाचणाऱ्याला पान हलकंच मिळेल.

पायरी 3, खरी गंमत इथे आहे. प्रॉक्सीएचटीएमएलयूआरएलमॅपचे नियम. साधा नियम म्हणजे '/' चं '/ग्रंथालय/' कर. पण ॲपने काही लिंक आधीच '/ग्रंथालय/' लावून पाठवल्या तर त्यांचं '/ग्रंथालय/ग्रंथालय/' होतं. एचटीएमएल लिंकसाठी जो नियम आधी जुळतो तिथेच काम थांबतं, म्हणून वर आधी '/ग्रंथालय' चं '/ग्रंथालय' असा वेडगळ दिसणारा नियम टाका आणि त्याच्या खाली '/' चा. 127.0.0.1:8080 असा पूर्ण पत्ता येत असेल तर त्याचाही नियम हवा.

आता पानातल्या स्क्रिप्टमधल्या लिंकसाठी लोक प्रॉक्सीएचटीएमएलएक्स्टेंडेड ऑन करतात आणि तिथेच फसतात, कारण स्क्रिप्टमध्ये मॉड्यूल लिंक ओळखत नाही, सरळ शोधा-आणि-बदला करतं, मग भागाकाराची '/' असो नाहीतर कॉमेंटची, सगळ्यांना '/ग्रंथालय/' चिकटतं आणि स्क्रिप्ट मरते. उपाय सोपा: '/' च्या नियमाला शेवटी ई आणि सी हे छोटे फ्लॅग लावा, म्हणजे तो इव्हेंट आणि स्क्रिप्ट-स्टाइल सोडून देईल. स्क्रिप्टसाठी वेगळा नियम करा, लांब आणि नेमका, उदाहरणार्थ '/सर्व्हिस/शोध' एवढाच. एकेक स्क्रिप्ट 8 केबीपेक्षा मोठी असेल तर प्रॉक्सीएचटीएमएलबफसाइझ वाढवा, मूळ आकडा 8192 आहे.

पायरी 4. नवीन पानांत चित्राचा पत्ता डेटा-एसआरसीत असतो, तो यादीतल्या आयएमजीच्या ओळीत जोडा. एसआरसीसेट मात्र जमत नाही, त्यात स्वल्पविरामाने अनेक पत्ते असतात आणि मॉड्यूल त्याला एकच लिंक समजतं. वेगळ्या सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फाइलींनाही हे हात लावत नाही, तिथे मॉड-सब्स्टिट्यूट (मजकुरात शोधा-आणि-बदला करणारं मॉड्यूल) वापरा, फक्त मिनिफाय केलेल्या फाइलीत सगळं एकाच ओळीत असतं आणि ओळीची मर्यादा मुळात 1 एमबी आहे, लागली तर सब्स्टिट्यूटमॅक्सलाइनलेंग्थ वाढवा.

पायरी 5, मराठीवाल्यांसाठी खास. पान यूटीएफ-8 आहे पण तसं कुठेच सांगितलेलं नाही, असं असेल तर एक्सएमएल2एन्क ते आयएसओ-8859-1 धरतं आणि सगळ्या देवनागरीचा चिवडा होतो. एक्सएमएल2एन्कडिफॉल्ट यूटीएफ-8 करा, झालं. आणि पानाची मांडणी उगाच वेडीवाकडी दिसत असेल तर व्ह्यू सोर्स बघा, 2.4 मध्ये वरची डॉकटाइपची (पान कोणत्या प्रकारचं एचटीएमएल आहे ते सांगणारी) ओळ गळून पडते आणि ब्राउझर जुनाट मोडमध्ये जातो, ती प्रॉक्सीएचटीएमएलडॉकटाइपने परत द्यावी लागते.

तपासायला ब्राउझर नको, त्याची कॅश फसवते. कर्लने (कमांड लाइनवरून पान आणणारं साधन) पान उतरवा आणि त्यात 8080 शोधा. सापडलं तर लॉगलेव्हल फक्त प्रॉक्सी-एचटीएमएलसाठी ट्रेस3 करा, कोणता नियम कुठे जुळला ते लॉगमध्ये दिसतं. काम झाल्यावर ते परत खाली आणा, नाहीतर रात्रीत डिस्क भरते.