चेसमधले टॅक्टिक्स ओळखताना या चुका टाळा

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे सुट्टीत गल्लीतली पाच-सहा पोरं माझ्याकडे पट मांडून बसतात, आणि दरवर्षी तेच बघतोय, फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर मारा), पिन (मागचं मोठं मोहरं उघडं पडेल म्हणून पुढचं अडकणं), स्क्युअर (उलटं, पुढचं मोठं हललं की मागचं मिळतं), अशी टॅक्टिक्सची म्हणजे डावपेचांची सगळी नावं तोंडपाठ, मोबाईलवर पझल धडाधड सुटतात, पण खऱ्या डावात वजीर फुकट जातो.

मोठी चूक म्हणजे ओळखीचं काही दिसलं की लगेच मारायचं. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत मागून शर्ट ओळखून हाक मारावी आणि वळून बघणारा भलताच निघावा, तसं होतं.

लेगालचा सापळा घ्या. लेगाल म्हणजे १८व्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, नावाजलेला खेळाडू फिलिडोर याचा गुरू. पांढऱ्याचे घोडे एफ३ आणि सी३ वर (घराचं नाव म्हणजे ए ते एच उभी रांग आणि १ ते ८ आडवी ओळ), उंट सी४ वर, आणि काळ्याच्या जी४ वरच्या उंटाने एफ३चा घोडा पिन केलाय, मागे वजीर. पोरं म्हणतात पिन आहे, घोडा हलत नाही. अरे, मागे राजा असेल तर नियमानेच हलत नाही, मागे वजीर असेल तर हलतो की! घोडा ई५चं प्यादं मारतो, काळा खूश होऊन वजीर खातो, मग उंट एफ७ मारून शह, राजा ई७, सी३चा घोडा डी५ वर, मात.

हे शिकवलं की दुसऱ्या दिवशी सगळेच वजीर सोडायला लागतात 😅 पण काळ्याचा घोडा सी६ वर असेल तर तो वजिराकडे बघतच नाही, ई५ वरचा घोडाच खातो आणि तिथून जी४च्या उंटाला जोरही (राखणही) देतो, संपलं, तुमचा घोडा गेला. तेच आधी एच३ करून (एच रांगेतलं प्यादं एक घर पुढे ढकलून) उंट एच५ला पाठवला असेल तर ई५ वरून त्याला जोर मिळत नाही, मग तुमचा वजीर तो उंट घेतो, त्याचा घोडा सी४चा उंट घेतो, वजीर बी५ वरून शह देतो आणि पुढच्या चालीला तो घोडाही घेतो, हिशेबात एक प्यादं वर. फरक फक्त एका घराचा, आणि मी स्वतः एका स्पर्धेत एच३ न करताच हे खेळून बसलोय, त्यामुळे पोरांना फार बोलत नाही. मोहऱ्याला हात लावायच्या आधी एवढंच बघा, समोरच्याकडे शह कुठला, तो काय मारू शकतो, आणि बिनजोराचं कोण उभंय.

फोर्कचं म्हणाल तर सगळ्यांना फक्त सी७ वरचा घोडा दिसतो, राजा आणि हत्ती एकदम. बाकीचे दिसत नाहीत. घोडा एका वेळी एकाच रंगाच्या घरांवर मारा करतो, म्हणून समोरचा राजा आणि वजीर एकाच रंगावर आले की कान टवकारा, वेगळ्या रंगावर असतील तर लगेचच्या चालीत घोड्याचा फोर्क शक्यच नाही.

आपल्या शेवटच्या ओळीत अडकलेल्या राजाला मात होईल अशी भीती वाटते म्हणून एच३ करून त्याला पळायला खिडकी उघडतात, पण समोरचा उंट एच२ वर रोखून बसलाय हे बघतच नाहीत, मग खिडकीचा काय उपयोग.

आणि पझल थीम निवडून सोडवू नका, 'फोर्क' लिहिलेलं असल्यावर कुणालाही सापडतो. मिक्स लावा, घड्याळ बंद ठेवा, आणि अधूनमधून पट फिरवून समोरच्याच्या बाजूने बसा, आपला वजीर कुठं अडकलाय ते तिकडून पटकन दिसतं.