सामान खोलीत बंद करून ठेवताय? या चुका टाळा

बदली झाली, मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं, जुनं घर पाडून नवं बांधायचं निघालं, की आपल्याकडे सामान भाड्याच्या खोलीत नाहीतर गोडाऊनमध्ये लावतात. लावायला एक दिवस लागतो. त्या एका दिवसाच्या घाईत जन्मभर जमवलेल्या वस्तू नासतात, आणि दरवर्षी त्याच त्या चुकांनी. बघवत नाही, म्हणून लिहितोय.

पावसात बांधून प्लास्टिकमध्ये गुंडाळणं

ही सगळ्यात वाईट. प्लास्टिक बाहेरचं पाणी अडवतं हे खरं, पण आतला ओलावाही ते बाहेर जाऊ देत नाही. कापूस, लाकूड आणि कागद हवेतला दमटपणा शोषून घेतात. जुलैत बेळगावातली गादी हाताला कोरडी लागली तरी आतून दमट असते. रात्री गारवा पडला की तीच वाफ प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

टिळकवाडीतल्या एका कुटुंबाने ऐन आषाढात घर रिकामं केलं. मी म्हटलं, निदान गाद्या आणि कपाटं उघडी ठेवा. "ओ, तीन पदर प्लास्टिक घातलंय की, आता काय होतंय त्याला!" दिवाळीनंतर खोली उघडली तर कुबट वासाने दारात उभं राहवेना. गाद्यांवर काळे ठिपके पडले होते. प्लायवूडची कपाटं फुगली होती, लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटली होती. आजीच्या शहापुरी साड्यांमध्ये डांबरगोळ्या थेट घडीत टाकलेल्या, त्यामुळे डाग पडले आणि जर काळवंडली. गाद्या नव्या घेता येतात, त्या साड्या कुठून आणायच्या?

मी सामान होळीनंतर, वळीव लागायच्या आत बांधायला सांगतो. एकेक वस्तूला कडक ऊन दाखवायचं, सावलीत निवू द्यायचं, मग जुन्या सुती चादरीत गुंडाळायचं. जरीच्या साड्यांना मात्र ऊन नको. त्या सावलीत वारा लावून मऊ सुती कापडात ठेवायच्या आणि अधूनमधून घडी बदलायची. पावसाळ्यातच हलवायची वेळ आली तर काहीच घट्ट बांधू नका. सामानात फट ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी दुपारी खोली उघडा. धुकं किंवा झड असताना हवा खेळावी म्हणून खिडकी उघडणारे ओलावाच आत घेतात. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. आत ६० च्या खाली आकडा ठेवायचा आणि बाहेर आतल्यापेक्षा कोरडं असेल तेव्हाच उघडायचं.

अथणीच्या पाहुण्यांचा सल्ला खानापुरात चालवू नका. जिल्हा एकच असला तरी तिकडे कोरडी हवा आणि इकडे कणकुंबी-जांबोटीचा पाऊस. तिथे दोन वर्षं टिकलेली खोकी इथे एका पावसाळ्यात मऊ पडतात.

भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवणं

वाळवी जमिनीतून येते. भिंत आणि फरशीच्या सांध्यातून मातीची नळी काढत ती वर चढते, आणि पुठ्ठ्याचं खोकं हे तिचं खाणंच आहे. भिंतीला टेकलेल्या सामानामागची नळी दिसतच नाही. बाहेरून धड दिसणारं पुस्तकांचं खोकं उचललं की आतून नुसती माती सांडते. म्हणून थेट फरशीवर टेकणारं लाकडी पॅलेट नको, लोखंडी घोडी किंवा विटांवर फळी ठेवा आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडा, म्हणजे टॉर्च मारून मागचं बघता येतं. पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा.

नळी पुसून रॉकेल शिंपडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वारूळ जमिनीत तसंच राहतं, वाळवी दुसरीकडून येते, आणि बंद खोलीत आगीचा धोका वाढतो तो वेगळाच. सांध्यालगत भोकं पाडून औषध सोडणारा माणूस बोलवा. हे काम खोली रिकामी असतानाच होतं.

बाकीच्या

कडुनिंबाचा ओला पाला कपड्यांत घालू नका, सावलीत पूर्ण वाळवून घाला. निपाणीकडचे काहीजण तंबाखूचं पान ठेवतात, पण तंबाखूला स्वतःचाच भुंगा लागतो आणि तो पुस्तकांतही शिरतो. डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून सगळ्यात वर ठेवा, वाफ खाली उतरते. फ्रीज पुसून कोरडा करा आणि दाराला बोळा लावून ते किलकिलं ठेवा. रिमोट आणि घड्याळांतले सेल काढा. ओलावा शोषणारे डबे चामड्यावर किंवा लोखंडावर ठेवू नका, त्यात साचलेलं खारट पाणी सांडलं की दोन्ही जातात.

धान्याची एकही पिशवी आत नको, तांदळाच्या वासाने उंदीर येतो. बोट जाईल एवढ्या भोकातूनही त्याचं पिल्लू आत घुसतं. भोकात नुसता बोळा कोंबला तर तो कुरतडतो. भांडी घासायची तारेची घासणी आत दाबून वर सिमेंट लावा, आणि दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका.