पाणंदीत आणि डोंगरात गाडी घालताना डॅशबोर्डवरचे आकडे कसे वापरावेत

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?" 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 39 ला काय करायचं आणि 43 ला काय, हे पाणी चढायच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणून त्या आकड्याचा उपयोग होतो. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या आकड्यांचंही तसंच करायला हवं. नव्या फोर बाय फोर गाड्यांच्या स्क्रीनवर बरंच काही दिसतं: गाडी किती अंश कलली, टायरमध्ये हवा किती, इंजिन किती तापलं, काही गाड्यांत तर पुढची चाकं कुठे वळलीत तेही. पण गाडी 22 अंश कललेली असताना "22 म्हणजे जास्त की कमी?" असा विचार करत बसायला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक आकड्याची इशारा पातळी आणि धोका पातळी घरी बसून ठरवायची आणि डोंगरात ती पाळायची.

पहिलं काम: स्क्रीन खरं बोलते का ते बघा

गाडीचा कल दोन आकड्यांत दिसतो. नाक वर किंवा खाली गेल्याचा कोन म्हणजे पिच, आणि डावी-उजवीकडे कलल्याचा कोन म्हणजे रोल. महिंद्राच्या थारमध्ये हे 'अ‍ॅडव्हेंचर स्टॅटिस्टिक्स' नावाच्या पानावर सापडतात. इतर गाड्यांत ऑफ-रोडच्या मेनूत शोधा.

फरशी घातलेल्या जागेत गाडी उभी करा, चारही चाकं जिथे टेकलीत तिथे खडूने खुणा करा आणि रोलचा आकडा लिहून घ्या. मग गाडी उलट दिशेला तोंड करून त्याच खुणांवर आणा आणि पुन्हा आकडा बघा. समजा पहिल्यांदा उजवीकडे 3 दिसलं आणि वळवल्यावर डावीकडे 1. याचा अर्थ जागेचाच कल 2 अंशांचा आहे आणि तुमची स्क्रीन कायम उजवीकडे 1 अंश जास्त दाखवते. पिचचंही असंच तपासता येतं. चारही टायरमध्ये हवा सारखी भरून मगच हे करा, नाहीतर हवेतला फरकच कल म्हणून दिसेल.

गाडी जुनी असेल आणि असली स्क्रीन नसेल तरी अडत नाही. फोनवरचं कोन मोजणारं अ‍ॅप चालतं, फक्त फोन स्टँडमध्ये हलता कामा नये. इंजिनाचं तापमान बघायला स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडी तपासायला यंत्र लावतात तिथे) ब्लूटूथचा डोंगल बसतो. फार जुन्या जीपला ते सॉकेटच नसतं. तिला डॅशवर चिकटवायचा कोनमापक आणि काट्याचा टेंपरेचर मीटर पुरतो.

रोल: हा आकडा सगळ्यात जास्त जपायचा

चढावर गाडी अडली तर बहुतेक वेळा सरळ मागे घेता येते. आडव्या उतारावर कलंडली तर काहीच हातात राहत नाही. म्हणून या एका आकड्यावर जास्त बोलतो.

गाडी किती अंशांना उलटेल हे दोन चाकांमधलं अंतर आणि वजनाचा मध्य किती उंचीवर आहे यावर ठरतं. कागदावर हिशेब केला तर उंच गाड्यांचाही आकडा 40 च्या आसपास येतो आणि माणूस निर्धास्त होतो. तो हिशेब उभ्या गाडीचा, घट्ट सपाट जमिनीवरचा. प्रत्यक्षात उताराच्या बाजूची स्प्रिंग दबते, तिकडचं टायर चेपतं, टपावर सामान असेल तर वजन वर जातं आणि आतली माणसंही खालच्या बाजूला रेलतात.

त्यात जमीन सारखी नसते. दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर धरा. वरच्या बाजूचं चाक 15 सेंटिमीटरच्या जांभ्याच्या दगडावर चढलं तर जवळजवळ 6 अंशांपर्यंत कल वाढू शकतो. त्याच वेळी खालचं चाक तेवढ्याच खोल चाकोरीत गेलं तर आणखी 6. म्हणजे 18 अंशांवर शांत चाललेली गाडी एका क्षणात 30 वर जाते. म्हणून माझी इशारा पातळी 15 आणि धोका पातळी 25. पंधराला गाडी थांबवायची, उतरून पुढची जमीन पायाने बघायची. पंचवीसला पुढे जायचंच नाही, ज्या वाटेने आलात तिनेच मागे. टपावर कॅरिअर भरलेला असेल तर दोन्ही आकडे 5 ने खाली आणा.

हा आकडा उभ्या गाडीतच विश्वासाचा असतो. कोन मोजणारा सेन्सर धक्का, ब्रेक आणि वळण यांनीही हलतो, त्यामुळे चालत्या गाडीत आकडा नाचतो. नजर बाहेर ठेवा. अडथळ्याआधी थांबा, स्क्रीन बघा, मग पुन्हा बाहेर बघत पुढे जा. शेजारी कुणी असेल तर स्क्रीन त्याच्याकडे सोपवा, "पंधरा!" एवढं मोठ्याने सांगणं हे त्याचं काम.

आणि गाडी खालच्या बाजूला घसरायला लागलीच, तर स्टिअरिंग उताराकडे वळवा आणि गाडीचं तोंड खाली जाऊ द्या. जोरात ब्रेक दाबणं किंवा चाकं वरच्या बाजूला ओढणं, या दोन्हींनी गाडी उलटते.

पिच आणि कंपनीचे कोन यांची गल्लत करू नका

थारच्या तीन दारी मॉडेलचा अप्रोच अँगल (पुढचा बंपर न घासण्याचा कोन) 41.8 अंश, रॅम्पओव्हर (उंचवट्यावर पोट न घासण्याचा) 27 आणि डिपार्चर (मागचा बंपर न घासण्याचा) 36.8 आहे. अनेकजण हे आकडे वाचून समजतात की स्क्रीनवर पिच 41 होईपर्यंत चढायला हरकत नाही. तसं मुळीच नाही. गाडी जिथे उभी आहे ती जमीन आणि पुढे येणारा चढ, या दोन्हींमधला कोन किती असला तर बंपर घासणार नाही, एवढंच अप्रोच अँगल सांगतो. गाडी आधीच उतारावर असेल आणि समोर चढ असेल, जसं ओढ्यात उतरून लगेच वर निघताना होतं, तर स्क्रीनवर पिच जेमतेम 10 असतानाही बंपर मातीत रुततो.

अंदाजासाठी, घाटातला 10 टक्क्यांचा चढ म्हणजे सहाच्या आतले अंश. 20 अंश म्हणजे 36 टक्के चढ, समोर नुसतं बॉनेट आणि आकाश दिसतं. नवख्याने 20 ला धोका पातळी धरावी.

पाणंदीतला चिखल: चाकं कुठे बघतायत?

आपल्याकडची खरी परीक्षा पाणंदीत असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना ऊस. ट्रॅक्टरची चाकं मोठी असतात, त्याच्या चाकोरीत आपली गाडी पोटावर बसते. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला, असं जमतं का ते आधी बघा.

चाकोरीत असताना स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जाते, त्यामुळे चाकं किती वळलीत याचा पत्ता लागत नाही. पुढे चाकोरी उथळ झाली, टायरला पकड मिळाली, की गाडी झटक्यात वळून थेट बांधावर किंवा उसात. स्क्रीनवर चाकांचा कोन दिसत असेल तर इथे तो सोन्यासारखा. थांबा, चाकं सरळ करा, मग रेस द्या. ती सोय नसेल तर खिडकीतून वाकून चाक बघा.

फोर-लो म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा, हळू पण जोरकस गिअर; फोर-हाय म्हणजे चारही चाकं पण नेहमीच्या वेगाला, आणि टू-हाय म्हणजे रस्त्यावरची नेहमीची दोन चाकं. फोर-लोचा दिवा लुकलुकत असेल तर तो गिअर पूर्ण लागलेला नाही. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, आणि दिवा स्थिर होईपर्यंत रेस द्यायची नाही.

टायरमधली हवा

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा डांबरासाठी असते. खडकाळ किंवा मऊ वाटेवर मी 20 ते 22 पीएसआयवर आणतो. 18 ही माझी धोका पातळी, त्याखाली वळताना टायर रिममधून निसटू शकतो. हवा सोडताना स्क्रीनकडे बघू नका, कारण पुष्कळ सेन्सर चाक फिरल्याशिवाय नवा आकडा पाठवत नाहीत. हातातला गेज वापरा. हवा कमी केली की डॅशवर इशाऱ्याचा दिवा लागणारच. त्यानंतर बघायचा तो चार टायरच्या हवेतला फरक. तीन 21 वर आणि एक 17 वर आलं, तर काटा किंवा दगड लागलाय.

तापमान, आणि वाळलेलं गवत

फोर-लोत हळू चालताना रेडिएटरला वारा लागत नाही, त्यात जाळीवर पाचट आणि गवत अडकतं. तुमच्या गाडीचं रोजचं तापमान माहीत करून घ्या. त्याहून 10 अंश वर ही इशारा पातळी. गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, एसी बंद करा, जाळी साफ करा. काटा लाल पट्टीत गेला किंवा कूलंट गळताना दिसला तर मात्र इंजिन लगेच बंद. गरम रेडिएटरचं झाकण कुणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तापमानही दिसत असेल तर 120 ही धोका पातळी धरा. चढावर फोर-हायऐवजी फोर-लो लावलं की ते बरंच आटोक्यात राहतं.

बीएस-6 डिझेल गाडीवाल्यांना एक कळकळीची विनंती. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) काजळी जाळून साफ होत असताना सायलेन्सरच्या बाजूला प्रचंड उष्णता असते. त्याचा दिवा लागला असताना, किंवा गाडी नुकतीच दमून आलेली असताना, पठारावरच्या वाळल्या गवतात उभी करू नका. उन्हाळ्यात आपल्या डोंगरांना वणवे काही कमी लागत नाहीत. उघड्या मुरमावर किंवा कातळावर गाडी लावा. दाजीपूर-राधानगरी अभयारण्यात तर ठरलेला रस्ता सोडायचाच नाही. मसाई पठारावरची रानफुलं एका टायरखाली कायमची जातात, तिथेही वाट सोडू नका.

पाणी

बहुतेक गाड्यांच्या स्क्रीनवर पाण्याची खोली दिसत नाही. काठीने मोजा. थारची पाण्यातली मर्यादा 650 मिलिमीटर आहे, पण ती संथ पाण्यातली आणि तळ घट्ट असतानाची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर मर्यादा शून्य.

डांबरावर परतताना

टू-हायचा दिवा दिसेपर्यंत डांबरावर वेग घेऊ नका. अर्धवेळ (पार्ट-टाइम) फोर बाय फोर तशीच लावलेली राहिली तर कोरड्या रस्त्यावर वळताना चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांना पीळ देते. डॅशवरच्या 12 व्होल्टच्या सॉकेटला हवेचा पंप लावून चारही टायर स्टिकरवरच्या आकड्यावर आणा आणि थोडं चालल्यावर स्क्रीनवर पुन्हा बघा. पहिल्या सरळ पट्ट्यात मागे कुणी नाही हे बघून दोन-तीनदा ब्रेक दाबा म्हणजे डिस्क सुकतील. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंगला पळण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला साचलेला चिखल धुऊन काढा.