जुन्या दाराला क्लिअर मारायच्या आधी

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाआधी औशाजवळच्या आमच्या गावच्या घराचं सागवानी दार मी स्वतः करायला घेतलं. चौकटीला नवा स्टेन (लाकडात मुरणारा रंग), मधल्या फळ्यांवरचा जुना हिरवा ऑइलपेंट तसाच ठेवायचा आणि वरून सगळ्याला क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, म्हणून चकचकीत लॅकर, असा बेत होता. लॅकरचा पहिला हात मारला आणि अर्ध्या तासात हिरव्या रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. आजोबांच्या वेळचं दार. मांडवाच्या दिवशी त्याच्यावर चादर टाकून ठेवावी लागली. आता थोरल्या भावाचं दार करायचंय, म्हणून तयारी लिहून ठेवतोय.

सगळ्यात महत्त्वाचं काम: नजरेआड जागेवर लावून बघा. दाराची वरची कड, बिजागरीमागची पट्टी, कपाट असेल तर आतली बाजू. मात्र तिथे खालचा थर तोच पाहिजे. रंगावर मारायचं असेल तर रंगावरच बघा, कोऱ्या लाकडावर बघून काही कळत नाही. मी चौकटीच्या कोऱ्या कोपऱ्यावर बघितलं होतं, ते बघितल्यात जमा नाही.

आधी जुना थर कशाचा आहे ते ओळखा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन घासा. चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश आहे; त्यात मेण असतं, त्यावर पीयू (पॉलियुरेथेनचं क्लिअर) नीट धरत नाही. मग दुसऱ्या जागी थिनरचा बोळा ठेवा. रंग मऊ पडला, फुगला तर थिनरवालं काहीही, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा मेलामाइन नावाचं क्लिअर, त्यावर मारू नका. ऑइलपेंटवर हेच होतं. तिथे पाण्यातलं पीयू घ्या. ते डब्यात दुधासारखं दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर तर तेच घ्या, कारण तेलातलं पीयू पिवळसर छटा देतं आणि पुढे ती वाढतच जाते.

बोळ्याने घासलं म्हणजे झालं असं नाही. त्याच लपलेल्या जागी स्टेनपासून शेवटच्या हातापर्यंत सगळे थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग ब्लेडने बारीक चौकड्या कापा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पापुद्रे आले तर थांबा. रंगाची छटाही तिथेच कळते, वाळलेला स्टेन फिका दिसतो आणि क्लिअरखाली गडद होतो. दुकानदार म्हणेल, सगळ्यावर चालतं. चालू दे, तुम्ही लावून बघा.

ऋतू बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी चांगलं. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की ब्रश फिरवेपर्यंत थर ओढला जातो आणि रेघा उमटतात. पावसाळ्यात दमट हवेने लॅकर पांढुरकं पडतं. सोयाबीनची मळणी शेजारी चालू असेल तर त्या आठवड्यात डबा उघडूच नका, भुसा येऊन चिकटणारच.

जुन्या दाराचा आणखी एक त्रास म्हणजे तेल. सणावाराला आपण दाराला गोडंतेल चोळतो, उंबऱ्याला हळदीकुंकू लावतो. शेंगदाण्याचं तेल लाकडात कधी वाळत नाही, त्यावर काहीच धरत नाही. थिनरच्या फडक्याने पुसा, फडकं बदला, पुन्हा पुसा, मगच घासायला घ्या. नाहीतर तेल पॉलिश पेपरने आणखी आत जातं. रंग ठेवायचा आहे तिथे मात्र थिनर नको, साबणाच्या पाण्याने पुसा. कोऱ्या लाकडाला 120, 180, 220 हे नंबर रेषांच्या दिशेने. रंगावर फक्त 320 हलक्या हाताने, चमक मोडण्यापुरता. धूळ ओलसर फडक्याने टिपा.

स्टेन लावला की काही मिनिटांत जादा पुसून घ्या आणि किमान 24 तास सोडा. हाताला रंग लागत असेल तर वाळलेला नाही. आणि तेलातल्या स्टेनच्या किंवा जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका! वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. एकेक उघडी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा. कडब्याच्या गंजीजवळ तर अजिबात नको.

बाहेरच्या दाराला बाहेरचंच क्लिअर घ्या, घरातलं मेलामाइन उन्हात तडकून सुटतं. दाराची खालची कड विसरू नका, पाणी तिथूनच चढतं. ब्रश, मास्क, वर्तमानपत्रं, हे तुम्हाला माहीत आहे. डबा हलवू नका, काडीने ढवळा, हलवला की बुडबुडे येतात. दोन डब्यांचं पीयू असेल तर लागेल तेवढंच एकत्र कालवा, कालवलेलं उरलं तर डब्यात घट्ट होतं. पातळ हात, दोन किंवा तीन, मध्ये 320 नंबर. बस.

आणि डबा उघडण्याआधी पुन्हा विचारतो: लपलेल्या जागी बघितलं का? सगळ्या थरांसकट? त्याच रंगावर? नसेल तर आज ब्रश बुडवू नका, उद्या बुडवा.

शेवटचा हात दिल्यावर निदान आठवडाभर तोरणाचा खिळा नको, दार धुणं नको. उंबऱ्याची पूजा तोवर समोर पाट मांडून करा, तेलाचा हात दाराला लागू देऊ नका.